बी.कॉम. करता करता सामाजिक संस्थेतल्या कामाकडे कसं वळावं?

लातूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मी एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे. गावात सात दिवसांचं शिबिर झालं, तेव्हापासून वाटतंय की पुढे सामाजिक संस्थेतच काम करावं. पण सुरुवात कुठून करायची? बी.कॉम. सोडून बीएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदवीला) जाऊ का? एमएसडब्ल्यू (त्यातलीच पदव्युत्तर पदवी) केल्याशिवाय संस्थेत घेत नाहीत का? फेलोशिपचं ऐकलंय, ती चांगली का? घरचे म्हणतात, समाजसेवेने पोट भरत नाही, आधी बँकेची परीक्षा दे. संस्थेत खरंच पगार असतो का?"

बी.कॉम. सोडू नकोस. तुझ्या बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं लांबलचक आहेत, याचं मात्र मला एका वाक्यात देता येतं.

लातूर, धाराशिव आणि बीड या पट्ट्यात मी बरीच वर्षं काम करते आहे आणि आता संस्थेसाठी माणसं निवडण्याचं कामही माझ्याकडे असतं. जाहिरात दिली की तळमळीने बोलणारी मुलंमुली भरपूर येतात. आम्हाला आनंदच होतो. पण ज्याला हिशेब येतो आणि गावही कळतं, असा माणूस मिळता मिळत नाही. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येणारा मुलगा शहरातून येतो, सहा महिने राहतो आणि खतांच्या दुकानात किंवा सीएच्या ऑफिसात निघून जातो. गावात रमणारी कार्यकर्ती असते, तिला व्हाउचर, म्हणजे खर्चाचा नोंदीचा कागद, म्हटलं की धडकी भरते. या दोघांच्या मधली जागा आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक संस्थेत रिकामी आहे. तू तिथे बसू शकतेस.

ही जागा किती महत्त्वाची आहे ते सांगते, कारण कॉलेजात कुणी सांगत नाही. महाराष्ट्रातली संस्था बहुतेक वेळा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते: १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेबपत्रकं धर्मादाय कार्यालयात द्यायची. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट दाखल करायचा. देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून आयकर खात्याकडे नोंदणी टिकवायची, वर्षाअखेर देणग्यांचं विवरण भरायचं आणि मग प्रत्येक देणगीदाराला प्रमाणपत्र काढून द्यायचं. परदेशातून पैसा येत असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्यात २०२० साली मोठे बदल झाले. परदेशी निधी फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही (आधी ही मर्यादा ५० टक्के होती), आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. शेवटच्या अटीने गावपातळीवरच्या लहान संस्थांचं किती नुकसान झालं ते आमच्या भागात आम्ही पाहिलं. मोठ्या संस्थेच्या आधाराने चाललेली कामं थांबली, आणि त्या कामांवर असलेल्या बायका घरी बसल्या.

त्यात सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाची, भर पडली. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आपल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा पैसा संस्थांकडे येतो तेव्हा सोबत रकान्यांचा तक्ता येतो. प्रशिक्षणाचे पैसे प्रवासावर वापरता येत नाहीत, मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, दर तिमाहीला अहवाल द्यायचा असतो. हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला गाव माहीत नसेल तर काय होतं? तो कार्यकर्तीला म्हणतो, "बिल नाही तर पैसे नाहीत." आता तांड्यावरच्या बैठकीला तिने ज्या टपरीवरून चहा मागवला, तिथे कुठलं छापील बिल? ती आपल्या खिशातून भरते, दोन-तीनदा भरते, मग बैठकीत चहा देणं बंद करते, मग बैठकच आखडती घेते. गाव पाहिलेला हिशेबनीस अशा वेळी साधं व्हाउचर करून घेतो, टपरीवाल्याची सही किंवा अंगठा घेतो, बैठकीची हजेरी जोडतो, आणि लेखापरीक्षकालाही ते पटतं. काम चालू राहणं किंवा बंद पडणं कधी कधी एवढ्याशा गोष्टीवर ठरतं. म्हणून हिशेबाचं काम दुय्यम आहे असं कुणी म्हणालं, तर ऐकू नकोस.

पण नुसता हिशेब येऊन भागणार नाही. गाव कळायला हवं, आणि ते कळायला वेळ द्यावा लागतो. माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच आहे: पदवी हातात येईपर्यंत एका ठिकाणाशी, एका कामाशी किमान वर्षभर जोडून घे. दहा उपक्रमांत एकेक दिवस गेलीस तर प्रमाणपत्रं दहा मिळतील, पण मुलाखतीत तुझ्यापाशी सांगण्यासारखं काही नसेल. एकाच वस्तीत वर्षभर दर शनिवारी गेलीस तर तुला माहीत असेल की पाऊस पडला की कुणाच्या घरात पाणी शिरतं, कुठली मुलगी दिवाळीनंतर शाळेत दिसत नाही आणि ती कुठल्या कारखान्यावर गेलेली असते.

शिबिराचं गाव तुझ्या ओळखीचं झालंच आहे. तिथेच परत जा. एनएसएसचे वर्षाचे १२० तास कॉलेजच्या आवारात झाडांना आळी करूनही भरतात, ते मला माहीत आहे. पण तुझ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून सांग की मला माझे तास त्याच गावात घालवायचे आहेत. शक्यतो आणखी एका मैत्रिणीला बरोबर घे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता अभ्यासक्रमातच क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आहेत. तुझ्या वर्गातली बहुतेक मुलं ते श्रेयांक ओळखीच्या दुकानातून सहीशिक्का आणून भरतील. तू ते तास खऱ्या संस्थेत घालव.

आणि गावात गेल्यावर करायचं काय, तर बचत गटांच्या वह्या बघ. बी.कॉम.च्या मुलीसाठी याहून चांगली शाळा नाही. आज गावोगावी 'उमेद'चे (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळ), बँकांचे, संस्थांचे गट आहेत. त्यांची पंचसूत्री तुला तिथली कुणीही बाई तोंडपाठ म्हणून दाखवेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, अद्ययावत लेखे. शेवटच्या सूत्राशी सगळं अडतं. गटाची सचिव सातवी शिकलेली असते, कर्जाची खातेवही चार महिने मागे असते, व्याज कुणाचं किती बाकी आहे यावरून भांडण होऊन गट फुटतो. तू महिन्यातून दोनदा बसून तिला वही लिहायला शिकव. तिच्या जागी तू लिहू नकोस, तिला शिकव. यात तीन-चार गोष्टी आपोआप होतील. कर्ज नेमकं कशासाठी घेतलं जातं ते दिसेल: बियाणं, दवाखाना, लग्न, सावकाराचं देणं. घरातले निर्णय कोण घेतं ते कळेल. आणि बायका तुला नावाने ओळखू लागतील. माविमची लोकसंचालित साधन केंद्रं (गटांचे संघ) आहेत, तिथे लेखापालाची आणि व्यवस्थापकाची पदं असतात. 'उमेद'मध्ये तालुका पातळीवर पदं निघतात. संस्थांनी उभ्या केलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही हिशेब समजणारी माणसं हवी असतात. गटांच्या वह्यांवर वर्षभर बसलेली मुलगी या प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

गावात वावरताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. बैठक कुठे होते? मारुतीच्या पारावर ठेवली तर तिथे कोण येतं आणि कोण येत नाही? बौद्ध वस्तीतल्या, मातंग वस्तीतल्या बायका आल्या का, की "सांगितलं होतं, आल्या नाहीत" असं ऐकवलं गेलं? तांड्यावरच्या बायका मजुरीवरून सातला येतात आणि बैठक चारला ठेवली असेल, तर ती बैठक त्यांच्यासाठी नव्हतीच. सामाजिक कामात सगळ्यात सोपं असतं ते सरपंचाच्या ओट्यावर बसून "गावाचा सहभाग चांगला आहे" असं लिहिणं. तू वस्तीत जाऊन बस, चहा पी, पाणी पी. तिथे पाणी पिणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते आपल्या भागात वाढलेल्या मुलीला वेगळं सांगायला नको.

परत आल्यावर त्याच रात्री लिहून काढ. ही सवय मी प्रत्येक नव्या मुलामुलीला लावते. "महिलांमध्ये बचतीविषयी जनजागृती केली" हे वाक्य माझ्या दृष्टीने कोरा कागद आहे. असं लिही: "बैठकीला १४ पैकी ९ जणी. वस्तीवरच्या तिघी आल्या नाहीत, त्या सोयाबीन काढायला गेल्या होत्या. एका सदस्येने ५,००० रुपये मागितले, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी. दोघींनी विरोध केला, कारण मागचे २,००० बाकी आहेत. निर्णय झाला नाही. पुढची बैठक रात्री आठला घ्यायची ठरली." यात घटना आहे, आकडा आहे, कारण आहे आणि पुढचं पाऊल आहे. वर्षभराच्या अशा नोंदी असलेली वही मुलाखतीला घेऊन ये. मी तरी ती वही आधी बघेन, गुणपत्रिका नंतर. फक्त त्यात लोकांची खरी नावं उघडपणे लिहू नकोस, आणि मुलांचे, बायकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नकोस, काढलेस तरी स्टेटसला लावू नकोस. लोकांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही त्यांची असते.

आता कुठे जायचं ते. तू ज्या भागात राहतेस तिथे संस्थांची कमी नाही, आणि त्यामागे आपला इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात देशभरातून संस्था आल्या. बऱ्याचशा मदत वाटून गेल्या. काही राहिल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही त्यातली. घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं करण्याचं काम तिने केलं, आणि पुढे त्याच बायकांतून उद्योजक, शेतीतल्या कार्यकर्त्या तयार झाल्या. तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. गावातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून आरोग्याचं प्रशिक्षण देण्याचं तिचं काम प्रसिद्ध आहे. अंबाजोगाईला मानवलोक आहे. डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ साली सुरू केलेली ही संस्था पाणी, शेती, एकट्या बायका अशा प्रश्नांवर काम करते. अंबाजोगाई तुला लातूरहून एसटीने दीड-दोन तासांवर आहे, तुळजापूर त्याहून थोडं लांब. यातल्या एका तरी ठिकाणी सुट्टीत जा, चार दिवस राहा, बघ. पुण्या-मुंबईच्या संस्थांची नावं मोठी वाटतात, पण पहिला अनुभव आपल्याच बोलीच्या भागात घेतलेला चांगला. लोक तुझ्याशी लवकर बोलतील, आणि घरी येऊन-जाऊन करता येईल.

थोडं लांब जाण्याची तयारी असेल तर दोन-तीन गोष्टी आवर्जून सुचवते. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने २००६ पासून चालवलेला 'निर्माण' हा उपक्रम तुझ्यासारख्या, आपल्या आयुष्याचं काय करावं हा प्रश्न पडलेल्या मुलामुलींसाठीच आहे. फॉर्म भरावा लागतो, त्यातले प्रश्न विचार करायला लावतात, मुलाखत होते आणि मग शोधग्रामला, म्हणजे 'सर्च'च्या आवारात, शिबिरं होतात. निवड झाली नाही तरी तो फॉर्म मन लावून भरणं हाच एक अभ्यास आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला मे महिन्यात बाबा आमटेंच्या महारोगी सेवा समितीची श्रमसंस्कार छावणी असते. तिथे सकाळी कुदळ-फावडं आणि नंतर चर्चा, गाणी, व्याख्यानं असतात. आपल्यासारखा विचार करणारे महाराष्ट्रभरातले दोस्त तिथे मिळतात, आणि या वयात त्याची फार गरज असते. पुण्याची 'मैत्री' ही संस्था पावसाळ्यात मेळघाटात धडक मोहीम करते. बालमृत्यू रोखण्यासाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या गावांत जाऊन राहतात. हे कठीण काम आहे, तब्येत आणि घरच्यांची परवानगी दोन्ही सांभाळून ठरव.

तुझ्या बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यूच्या प्रश्नाकडे येते. एमएसडब्ल्यू कामाचं शिक्षण आहे, त्यातला क्षेत्रकार्याचा भाग नीट झाला तर माणूस घडतो. पण तसं सगळीकडे होत नाही. आठवड्यातले ठरलेले दिवस संस्थेत जाणं, त्यावर मार्गदर्शकाशी बसून बोलणं, लिहिणं, हे जिथे काटेकोर चालतं तिथेच घे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी, नाव कमावलेली ठिकाणं. टिसचं ग्रामीण संकुल तर तुझ्या शेजारी तुळजापूरलाच आहे. टिसच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तयारी हवी. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास या विषयात एम.ए. आहे आणि घरच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत मिळते. आणंदची इर्मा ग्रामीण व्यवस्थापन शिकवते, तुझ्या बी.कॉम.ला ती जुळते, पण शुल्क मोठं आहे आणि कर्ज काढून गेलीस तर नंतर पगार पाहूनच नोकरी धरावी लागेल. हा हिशेब आधी मांड.

माझं स्वतःचं मत विचारशील तर पदवीनंतर लगेच एमएसडब्ल्यू करू नकोस. एक-दोन वर्षं काम कर आणि मग शिकायला जा. काम केलेली मुलगी वर्गात बसते तेव्हा तिच्याकडे स्वतःचे प्रश्न असतात. वाचलेलं प्रत्येक पान ती कुठल्या तरी गावाशी, घराशी ताडून बघते. आणि एमएसडब्ल्यूशिवाय संस्थेत घेत नाहीत, हे खरं नाही. समुपदेशन, रुग्णालयातलं समाजकार्य, काही सरकारी पदं यांना ती पदवी लागते. बाकी बहुसंख्य जागांना लागत नाही.

ती मधली एक-दोन वर्षं फेलोशिपमध्ये घालवणं हा चांगला मार्ग आहे, कारण दर महिन्याला ठरलेलं मानधन मिळतं आणि शिकवणारं कुणी तरी असतं. एसबीआय युथ फॉर इंडिया ही १३ महिन्यांची आहे, एखाद्या अनुभवी संस्थेबरोबर गावात राहून करायची. गांधी फेलोशिप आणि टीच फॉर इंडिया दोन वर्षांच्या. पहिलीत सरकारी शाळा आणि व्यवस्थेबरोबर काम असतं, दुसरीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पूर्णवेळ वर्गावर शिकवायचं असतं आणि त्यासाठी इंग्रजी लागतं. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये सरकारी यंत्रणा आतून बघायला मिळते, पण तिथे पदवीला ६० टक्के आणि वर्षभराचा अनुभव मागतात. तेव्हा गुणांकडे दुर्लक्ष करू नकोस. सामाजिक काम करणाऱ्याला गुणांची गरज नसते, असं बोलणारी मंडळी भेटतील. त्यांच्या नादाला लागू नकोस.

आता पगार. हो, मिळतो. आमच्या भागात नुकती पदवी झालेल्या मुलीला मी अलीकडे पाहिलेल्या जागांमध्ये सुरुवातीला महिना बहुतेक १२ ते २० हजारांच्या दरम्यान देऊ करतात. मोठ्या शहरातल्या, मोठ्या फाउंडेशनच्या जागा याच्या दुप्पट आणि त्याहून पुढे जातात, पण तिथे अनुभव आणि इंग्रजी लेखन मागतात. खरी अडचण रकमेपेक्षा मुदतीची आहे. बहुतेक जागा प्रकल्पाला बांधलेल्या असतात. प्रकल्प तीन वर्षांचा, तर नोकरी तीन वर्षांची. पुढचा निधी आला नाही की कार्यकर्ते घरी. मी चांगल्या, मन लावून काम करणाऱ्या माणसांना असं जाताना पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो. म्हणून तुला सांगते, पहिल्या पगारापासून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेल अशी बचत कर. हिशेबाचं कौशल्य असलेल्या माणसाला दुसरी जागा लवकर मिळते, हाही तुझ्या बाजूचा मुद्दा आहे.

तुझ्या आईवडिलांचं म्हणणं मला चूक वाटत नाही. ज्या घरात पावसावर वर्षाचं गणित ठरतं, तिथे मुलीची पक्की नोकरी ही केवढी मोठी गोष्ट असते! त्यांच्याशी तत्त्वांवर वाद घालू नकोस. त्यांना एकदा संस्थेत घेऊन ये. जिथे तू काम करणार ती जागा, तिथल्या ताई, राहायची खोली, जेवणाची सोय त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. आमच्याकडे आलेल्या कितीतरी वडिलांचा विरोध कार्यालयात चहा पिऊन, लेखापालाशी बोलून निम्मा झाला आहे. आणि बँकेची परीक्षा द्यायला काय हरकत आहे? दे. गणित आणि इंग्रजीची तयारी कुठेच वाया जात नाही. बँकेत गेलीस तरी गटांना कर्ज नाकारणाऱ्या शाखेत गटांचं म्हणणं समजून घेणारा एक अधिकारी असणं, हेही मोठं काम आहे.

संस्था निवडताना मात्र भीड धरू नकोस. मोठमोठे फोटो, पुरस्कार, मंत्र्यांच्या हस्ते झालेली उद्घाटनं यावर जाऊ नकोस. वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षणाचा ताळेबंद माग. तुला तो वाचता येतो, वाच. पगारावर किती खर्च होतो, विश्वस्तांच्या नातेवाइकांना किती जातो, मागच्या वर्षी काम कुठल्या पैशावर चाललं, हे त्यात दिसतं. नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवर संस्थेची नोंद आहे का बघ. नेमणुकीचं पत्र मिळेल का, पगार खात्यात जमा होतो का, भविष्य निर्वाह निधी कापतात का, हे सरळ विचार. कागदावर एका रकमेची सही घेऊन हातात कमी पैसे देणाऱ्या संस्था आहेत. अशी मागणी झाली की त्याच दिवशी बाहेर पड. कितीही थोर ध्येय सांगितलं तरी. आणि मुलगी म्हणून हे नक्की विचार: १० किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी लागते, ती आहे का, तिच्या अध्यक्ष कोण? हा प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा बदलला, तर तुला उत्तर मिळालं. सायंकाळच्या बैठका असतील तर परतायची सोय कोण करतं, मुक्काम कुठे असतो, हेही.

शिवाय जाशील तेव्हा बघ की जेवायला सगळे एकत्र बसतात का, गाडीचा ड्रायव्हर आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी बैठकीत बोलतात का, जुने कार्यकर्ते साहेबांसमोर स्वतःचं मत मांडतात का. गावातल्या लोकांशी संस्था कशी वागत असेल, याचा मला तरी यावरून पुष्कळ अंदाज येतो.

काही साधी तयारी या दीड वर्षात करून ठेव. दुचाकी चालवायला शीक आणि लायसन्स काढ. ग्रामीण भागातल्या अर्ध्या जागा या एका गोष्टीवर हातच्या जातात. टॅली आणि एक्सेल दोन्ही नीट शीक. एक्सेल म्हणजे तक्ता रंगवणं नाही. ४० गटांची परतफेड एका पानावर मांडून कुठला गट अडचणीत आहे ते सांगता यायला हवं. इंग्रजी वाचून समजेल इतकं तरी कर, कारण निधी देणाऱ्यांची पत्रं त्याच भाषेत येतात. बोलणं हळूहळू येतं. आणि एकदा तरी ग्रामसभेला पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बस, काही न बोलता.

स्वतःची संस्था काढायचा विचार कॉलेजच्या मित्रमैत्रिणींत निघेल. तो सध्या बाजूला ठेव. सात जणांच्या सह्या करून नोंदणी होते, पण पुढे दरवर्षीचं लेखापरीक्षण, चेंज रिपोर्ट, आयकराचं विवरण हे सगळं मागे लागतं, आणि मित्र नोकरीला लागून पांगले की विश्वस्तांची सही मिळवायलाही फिरावं लागतं. धर्मादाय कार्यालयात अशा निपचित पडलेल्या नोंदणीच्या फाइली थोड्याथोडक्या नाहीत. काम करायला नोंदणी लागत नाही.

आता लगेच करायचं ते एवढंच: एका संस्थेला पत्र लिही. मराठीत लिही, एका पानात बसव. "मला समाजसेवेची आवड आहे" याने सुरुवात करू नकोस. कुठल्या गावात शिबिर झालं, तिथे काय पाहिलंस, तुला हिशेबातलं काय येतं, कुठले दिवस मोकळे आहेत आणि किती महिने येऊ शकतेस, हे लिही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन कर. संस्थांमध्ये माणसं कमी असतात, पत्र वाचून राहून जातं. फोनवरही नीट उत्तर मिळालं नाही तर सकाळच्या एसटीने जाऊन ये. मार्चअखेरच्या दिवसांत गेलीस तर लेखा विभागात तुला कुणी परत पाठवणार नाही. व्हाउचरांचे गठ्ठे लावायला तेव्हा प्रत्येक संस्थेला माणूस हवा असतो.